विश्रामबागच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद शेठनी जहाज, विमान, मोटार सगळं उभं केलं. पण लांब मुदतीच्या पैशाने त्यांना आयुष्यभर घाम फोडला

सांगलीहून मिरजेला निघालं की मध्ये विश्रामबाग लागतं. छोटं रेल्वे स्टेशन, १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज आणि त्याच भागातलं इंजिनिअरिंग कॉलेज. रिक्षावाल्याला नुसतं वालचंद म्हणलं तरी बास, पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक इंजिनिअरांची ओळखच वालचंदचा पासआऊट अशी असते.

पण ज्यांचं नाव या कॉलेजला आहे ते वालचंद हिराचंद स्वतः इंजिनिअर नव्हते. त्यांचं कॉलेजचं शिक्षणही अर्धवट राहिलं होतं. तरी या माणसाने घाटातले बोगदे खोदले, मुंबईसाठी पाण्याची पाइपलाइन टाकली, जहाज कंपनी काढली, विमानाचा कारखाना उभारला, जहाजं बांधायची गोदी सुरू केली आणि मोटारीही बनवल्या.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या उद्योगपतींच्या अशा गोष्टी ढीगभर वाचल्यात. बरोबर आहे. पण वालचंद शेठची गोष्ट आज वेगळ्या कारणासाठी वाचायला पाहिजे. रस्ते, पूल, बंदरं, धरणं यांना पैसा कुठून आणायचा, या प्रश्नावर आजही दिल्ली-मुंबईत समित्या बसतात. त्यासाठी इन्फ्रास्ट्रक्चर डेट फंड नावाची व्यवस्था निघाली, नवी बँक निघाली, तरी घोडं तिथंच अडतं. नेमकं कुठं अडतं, हे वालचंद शेठचं आयुष्य बघितलं की लगेच कळतं.

आधी अडचण काय ते समजून घेऊ

समजा तुम्ही किराणा दुकान टाकलं. आज माल भरला, उद्या विकला, परवा पैसे हातात. अशा धंद्याला सावकार, बँक कुणीही कर्ज देतं.

आता समजा तुम्हाला पूल बांधायचाय. पाच वर्षं नुसता खर्च. त्यात पाया खोदताना खडक लागला, जमिनीचा वाद निघाला, पूर आला की खर्च वाढला. पूल झाल्यावर टोल सुरू होणार आणि मग वीस-पंचवीस वर्षं थोडा थोडा पैसा परत येणार.

बँकेकडे पैसा असतो तो तुमच्या-आमच्या ठेवींचा. त्या ठेवी एक, दोन, फार तर पाच वर्षांच्या. म्हणजे बँकेने लोकांकडून घेतलेला पैसा थोड्या मुदतीचा आणि पुलाला लागणारा पैसा लांब मुदतीचा. हा मेळ बसला नाही की बँकही अडचणीत आणि पूलही अर्धवट.

इंग्रजांना हे गणित चांगलं माहीत होतं. जीआयपी रेल्वेसाठी त्यांनी लंडनच्या गुंतवणूकदारांकडून भांडवल उभारलं, तेव्हा सरकारने त्यावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेला तोटा झाला तरी गुंतवणूकदाराचं व्याज सुटणार नाही, फरक सरकारी तिजोरीतून म्हणजे इथल्या लोकांच्या करातून भरायचा. अशी हमी असल्यावर पैसा कशाला मागे राहतोय.

पण ही हमी कुणाला मिळायची आणि कुणाला नाही, तिथंच खरी मेख होती.

सोलापूरचा पोरगा सावकारी सोडून गुत्तेदारीत आला

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. घराणं मूळचं गुजरातकडचं, जैन दोशी. वडील हिराचंद नेमचंद हे समाजसुधारक म्हणून ओळखले जायचे. घरचा धंदा सावकारी आणि कापसाच्या व्यापाराचा.

मॅट्रिक सोलापुरात झालं. पुढं मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज असा प्रवास झाला, पण डिग्री काही पदरात पडली नाही. पोरगा परत येऊन पेढीवर बसला. पण व्याज मोजत आणि कापसाचे भाव बघत बसण्यात त्याचं मन रमेना.

अशात त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामं कशी निघतात, कुणाला मिळतात, बिलं कशी होतात याची त्यांना खडान्‌खडा माहिती. त्यांच्याकडे नव्हता तो पैसा. वालचंदकडे घरची पत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही कंपनी काढली.

सुरुवातीचं काम मिळालं बार्शी लाईट रेल्वेचं. कुर्डुवाडीवरून जाणारी ही छोट्या रुळांची गाडी सोलापूर, लातूर, पंढरपूरकडच्या लोकांच्या जिव्हाळ्याची. हीच लाईन पुढं १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. म्हणजे वालचंद यांच्या धंद्याची सुरुवात ज्या रेल्वेवर झाली, ती नंतर विश्रामबागच्या शेजारच्या स्टेशनात येऊन थांबली.

गुत्तेदारीत वालचंद एक गोष्ट शिकले. काम मिळवायला आधी अनामत भरावी लागते. मजुरांना दर आठवड्याला पगार द्यावा लागतो. दगड, चुना, लोखंड उधारीवर फार दिवस मिळत नाही. आणि बिल मात्र साहेबाच्या टेबलावर पडून राहतं. बिल पास झालं तरी काही रक्कम काम पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवली जाते. म्हणजे काम सरकारचं असलं तरी ते होईपर्यंत पैसा अडकतो गुत्तेदाराचा.

थोडक्यात काय, तर सावकाराच्या घरात जन्मलेला माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

भोर घाट आणि तानसा

पहिल्या महायुद्धाच्या काळात कामं वाढली, पैसाही आला. पण मोठी कामं घ्यायची तर दोन माणसांची भागीदारी पुरणार नव्हती. म्हणून १९२० मध्ये टाटांसोबत टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. टाटा हे नाव पाठीशी असल्यावर बँका आणि रेल्वेचे साहेब दोघंही वेगळ्या नजरेने बघायला लागले.

वालचंद यांच्या नावावर भोर घाटातले रेल्वेचे बोगदे आहेत, तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या मोठ्या नळांचं काम आहे. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात गाडी अंधारात शिरते तेव्हा मोबाईलची रेंज गेली म्हणून आपण वैतागतो, पण तो डोंगर फोडताना या देशी कंपनीने काय जोखीम घेतली असेल याचा विचार मनात येत नाही.

१९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. एचसीसी. हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्टीच्या शेवटी ते परत येणार आहे.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी होती. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, रेल्वे किंवा महापालिका. उशिरा का होईना, पैसे मिळणार होते. पण वालचंद शेठ आता अशा धंद्यात उतरले जिथं गिऱ्हाईकही पक्कं नव्हतं आणि सरकारचा कल समोरच्याकडे होता.

ग्वाल्हेरच्या महाराजांचं जहाज विकायला निघालं

१९१९ ची गोष्ट. रेल्वेच्या प्रवासात वालचंद यांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायला निघालंय, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. महायुद्धात जखमी सैनिकांसाठी ते तरंगता दवाखाना म्हणून वापरलं होतं.

वालचंद यांना जहाजातलं काही कळत नव्हतं. पण त्यांना एवढं कळलं होतं की युद्ध संपल्यावर माल वाहायला जहाजं लागणार. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद अशी तगडी मंडळी सोबत आली. कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नेव्हिगेशन. भांडवल ठरलं साडेचार कोटी रुपये. १९१९ चे साडेचार कोटी!

५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे.

ऐकायला भारी वाटतं, पण हिशेबाच्या वहीत चित्र वेगळं होतं. लॉयल्टी जुनी होती. तिने कधी फायदा दिला नाही आणि १९२३ मध्ये ती भंगारात निघाली. त्यात युद्धानंतरची तेजी ओसरली आणि जहाजांचे भाव आणि भाडी दोन्ही कोसळली.

वरून समोर उभी होती ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन. तिचे प्रमुख होते लॉर्ड इंचकेप. या कंपनीची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. नवा कुणी आला की भाडं इतकं खाली आणायचं की त्याचा दम निघाला पाहिजे. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला काढलेली स्वदेशी जहाज कंपनी याच भाडेयुद्धात बुडाली होती.

आता जरा कर्ज देणाऱ्याच्या जागी बसून बघा. जहाज तीस वर्षं चालणार म्हणून तुम्ही लांब मुदतीचं कर्ज द्यायचं. पण उद्या समोरच्या कंपनीने भाडं निम्म्यावर आणलं तर हप्ता कुठून येणार? जहाजात काही दोष नाही, कप्तान चांगला आहे, माल पण आहे. तरी कर्ज बुडू शकतं. कारण उत्पन्न किती येणार, हे जहाजाच्या मालकाच्या हातातच नाही.

हा धोका कमी करायचं काम सरकारचं असतं. पण ते सरकार कुणाचं होतं?

इंचकेप यांनी सिंदिया विकत घ्यायचीही तयारी दाखवली. ती बाजूला पडली, पण १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यानुसार कंपनीने किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतंच राहायचं आणि ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जहाजं चालवायची नाहीत. लंडनला जहाज पाठवून सुरू झालेली कंपनी किनाऱ्यापुरती उरली. वालचंद यांना हा करार बोचत राहिला, पण कंपनी जिवंत राहिली ती यामुळेच.

मग मागणी पुढं आली की किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव ठेवा. जगातल्या कितीतरी देशांत तसा नियम होता. सिंदियाशी संबंधित असलेल्या सारभाई हाजी यांनी १९२८ मध्ये तसं विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडलं. त्याचा कायदा काही झाला नाही. तो झाला असता तर सिंदियाच्या उत्पन्नाची खात्री वाढली असती आणि खात्री वाढली की पैसा स्वस्त मिळतो. रेल्वेला मिळालेली ५ टक्क्यांची हमी आणि जहाजांना नाकारलेलं आरक्षण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, म्हणजे धोरण काय चीज असते ते कळेल.

तोच माणूस, पण उसाला धोरणाची साथ मिळाली

याच काळात वालचंद शेतीतही उतरले होते. मालेगावजवळ रावळगावला त्यांनी माळरान घेतलं. इंदापूर तालुक्यात कळंबला नीरा कालव्याच्या भागात जमीन घेतली. खडकाळ जमीन फोडायची, बांध घालायचे, पाणी आणायचं, मजुरांसाठी वस्ती करायची. हाही पैसा लांब मुदतीचाच. अनेकांना वाटलं शेठ पैसे मातीत घालतायत.

पण १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. जावावरून येणाऱ्या स्वस्त साखरेवर जकात बसली. देशभर साखर कारखान्यांची रांग लागली. रावळगाव आणि कळंबलाही कारखाने उभे राहिले. कळंबच्या त्या माळाचं वालचंदनगर झालं. रावळगावच्या गोळ्या तर नंतर आपल्यातल्या कित्येकांच्या शाळेच्या खिशात होत्या.

माणूस तोच, पैसा उभा करायची पद्धत तीच. जहाजाला धोरणाची साथ मिळाली नाही, तिथं दहा वर्षं हात बांधून घ्यावे लागले. साखरेला साथ मिळाली, तिथं माळरानावर गाव वसलं.

विमान उडालं, पण मालकी गेली

१९३९ मध्ये प्रवासात वालचंद यांची एका अमेरिकन विमान कंपनीच्या व्यवस्थापकाशी ओळख झाली. तिथून डोक्यात विमानाचा कारखाना शिरला. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, विमानांची गरज वाढत होती.

जागा आणि पैसा मिळाला म्हैसूर संस्थानाकडून. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी दोन्हींची सोय करून दिली. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्या काही महिन्यांत भारत सरकारने २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला. १९४१ मध्येच इथं जोडलेलं पहिलं विमान तयार झालं.

हे मॉडेल आजच्या भाषेत सांगायचं तर पक्की पीपीपी होती. एक तृतीयांश उद्योजक, एक तृतीयांश संस्थान, एक तृतीयांश केंद्र सरकार. गिऱ्हाईकही सरकारच. म्हणजे पैसा बुडायची भीती जवळपास नाही.

पण एप्रिल १९४२ मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशात पुढं सरकत असताना, सरकारने वालचंद आणि इतर प्रवर्तकांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. शेठना पैसे मिळाले, कारखाना गेला. तोच कारखाना पुढं एचएएल झाला. आज एचएएलचा शेअर घेणाऱ्या किती जणांना माहीत असेल की ही कंपनी सोलापूरच्या माणसाच्या डोक्यातून निघालेली आहे?

जहाजबांधणीचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला सिंदियाच्या गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. वर्षभराच्या आत जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम विस्कटलं. पायाभरणीनंतर जवळपास सात वर्षांनी, १४ मार्च १९४८ ला, जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. सात वर्षं नुसता खर्च! आणि नंतर कळलं की इथं बांधलेलं जहाज इंग्लंडमधल्या जहाजापेक्षा महाग पडतंय. फरक सरकारने भरला नाही तर गोदी चालणार नाही, ही परिस्थिती. १९५२ मध्ये सरकारने दोन तृतीयांश हिस्सा घेतला आणि हिंदुस्तान शिपयार्ड तयार झालं.

मोटारीचं स्वप्न मात्र त्यांच्याच नावावर राहिलं. युद्धकाळात सरकारने मोटार कारखान्याला मदत केली नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी ही याच कंपनीची.

शेठचं चुकलं कुठं?

वालचंद यांना सगळेच डोक्यावर घेत होते असं नाही. एक काम मार्गी लागायच्या आत दुसऱ्यात उडी मारायची, हा त्यांचा स्वभाव. आधी जाहीर करायचं, पैसा नंतर बघू. त्या काळातल्या बाकीच्या घराण्यांसारखाच त्यांचाही कारभार मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने चालायचा. एकच घराणं अनेक कंपन्या सांभाळणार. एका धंद्याची पत दुसऱ्याला उपयोगी पडायची. चांगल्या काळात याचा फायदा होतो, पण एक खांब हलला की बाकीचेही हलतात. पुढं स्वतंत्र भारतात ही पद्धत कायद्याने बंद झाली ती उगाच नाही.

पण हेही खरं की त्यांच्यापुढं दुसरा रस्ता फारसा नव्हता. लांब मुदतीचं कर्ज देणारी संस्थाच देशात नव्हती. आयएफसीआय आली १९४८ मध्ये, आयसीआयसीआय १९५५ मध्ये, आयडीबीआय १९६४ मध्ये. शेठच्या उमेदीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. होतं ते भागधारकांचं भांडवल, संस्थानिकांची मर्जी, मित्रांचा विश्वास आणि स्वतःचं नाव.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टी निघाली त्या तारखेला ३४ वर्षं होऊन तीनच दिवस झाले होते.

सांगलीशी नातं जुळलं ते त्यांच्या माघारी

१९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. सुरुवात सिव्हिल इंजिनिअरिंगने झाली. देश नुकताच स्वतंत्र झालेला, धरणं-पूल बांधायला माणसं हवी होती. पण कॉलेज म्हणजे तरी काय, इमारत आज लागते, प्रयोगशाळा आज लागते आणि त्याचा परतावा मिळतो दहा-वीस वर्षांनी, तोही समाजाला. त्याला बँक कर्ज कसं देणार? पैशाची ओढाताण होणारच होती.

१९५५ मध्ये वालचंद यांच्या घराण्याच्या धर्मादाय निधीतून मदत आली आणि कॉलेजला त्यांचं नाव लागलं. जो माणूस आयुष्यभर लांब मुदतीचा पैसा शोधत फिरला, त्याच्या माघारी त्याच्या नावाचा पैसा विश्रामबागेत असा गुंतला की त्याचे हप्ते कधी वसूल करायचेच नव्हते.

मग आज काय बदललं?

बरंच बदललं आणि मूळ अडचण तशीच राहिली.

जहाज कंपन्यांना स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज मिळावं म्हणून १९५८ च्या कायद्याने शिपिंग डेव्हलपमेंट फंड उभा राहिला. वालचंद यांना जे हवं होतं, ते अखेर आलं. पण १९८० च्या दशकात जगभर जहाजधंदा मंदीत गेला, कंपन्यांचे हप्ते थकले आणि हा फंड १९८७ मध्ये गुंडाळावा लागला. सिंदियाही त्याच काळात अडचणीत सापडली आणि पुन्हा उभी राहिली नाही. म्हणजे नुसतं कर्ज स्वस्त करून भागत नाही. धंद्याचं उत्पन्न हललं तर फंडही हलतो.

आयसीआयसीआय आणि आयडीबीआय पुढं साध्या बँका झाल्या. मग रस्ते आणि वीज प्रकल्पांचं ओझं नेहमीच्या बँकांवर आलं, म्हणजे पुन्हा थोड्या मुदतीच्या ठेवी आणि लांब मुदतीची कर्जं. थकीत कर्जांचा डोंगर झाला. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस कोसळली, त्यातही हाच मुदतीचा घोळ होता.

यावर उपाय म्हणून २०११ मध्ये इन्फ्रास्ट्रक्चर डेट फंडची घोषणा झाली होती. कल्पना सोपी होती. विमा कंपन्या, पेन्शन फंड यांच्याकडे वीस-तीस वर्षांचा पैसा असतो. तो रोख्यांमधून गोळा करायचा आणि बँकेचं अडकलेलं कर्ज फंडाने स्वतःकडे घ्यायचं. बँक मोकळी, ती पुढच्या पुलाला कर्ज द्यायला तयार.

पण यात एक अट होती. फंडाने प्रामुख्याने अशाच प्रकल्पांना पैसा द्यायचा, जे बांधून झालेत आणि किमान वर्षभर व्यवस्थित चाललेत. घर बांधून झालं, भाडेकरू आला, वर्षभर भाडं वेळेवर मिळालं, की मग कर्ज द्यायला येणार, असा प्रकार.

यात चूक नाही. पेन्शनचा पैसा जपूनच लावला पाहिजे. पण बोगदा खोदताना खडक लागतो ते दिवस, गोदीवर बॉम्ब पडतो ते दिवस, जलउषा तयार व्हायच्या आधीची ती सात वर्षं, या काळात पैसा कुणी लावायचा? डेट फंडाकडे याचं उत्तर नाही, कारण तो त्यासाठी बनलेलाच नाही. म्हणून २०२१ मध्ये सरकारला २० हजार कोटींचं भांडवल घालून नॅबफिड ही वेगळी संस्था काढावी लागली. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेट फंडांचे नियमही सैल केले.

दुसरी अडचण बिलांची. वालचंद यांनी काढलेल्या एचसीसीचंच बघा. वांद्रे-वरळी सी लिंक बांधणारी ही कंपनी नंतर कर्जाच्या ओझ्याखाली आली. लवासासारखा फसलेला पसारा हे त्याचं एक कारण होतंच. पण सरकारी संस्थांकडे अडकलेली येणी हेही मोठं कारण होतं. लवादाने कंत्राटदाराच्या बाजूने निकाल द्यायचा, सरकारी संस्थेने कोर्टात जायचं, पैसे वर्षानुवर्षं अडकायचे आणि इकडे बँकेचं व्याज चालूच. कोर्टात अर्ज केला की लवादाचा निकाल आपोआप थांबेल, अशी सोय करणारं कलम नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. त्या खटल्यात अर्जदार होती एचसीसी. बार्शी लाईट रेल्वेच्या काळात वालचंद यांना पडलेला बिलांचा प्रश्न शंभर वर्षांनी त्यांचीच कंपनी दिल्लीत लढत होती.

तिसरी अडचण सांगलीकरांना वेगळी सांगायला नको. कृष्णेचं वाट्याचं पाणी मे २००० च्या आत अडवायचं म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. महामंडळाने सरकारी हमीवर लोकांकडून रोखे काढून पैसा उभा केला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना त्याच काळात जोरात निघाल्या. पण एकाच वेळी खूप कामं काढल्यावर पैसा सगळीकडे थोडा थोडा पोचला. रोख्यांचं व्याज मात्र पहिल्या दिवसापासून लागतं आणि कालव्यात पाणी नसताना पाणीपट्टी येत नाही. योजना वर्षानुवर्षं रेंगाळल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याने त्याची किंमत टँकरच्या रांगेत मोजली. आज तिथं पाणी पोचलंय, द्राक्षं-डाळिंबं बहरतात, यावरून कळतं की योजना चुकीची नव्हती. तिच्या पैशाची मुदत आणि कामाची मुदत यांचा मेळ घातला गेला नव्हता.

म्हणून कुठलीही नवी फंडाची घोषणा झाली की किती हजार कोटी हा आकडा बघण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. काम चालू असतानाचा धोका कुणाच्या डोक्यावर आहे? काम झाल्यावर येणाऱ्या उत्पन्नाची खात्री कोण देतंय? आणि सरकारने स्वतःची बिलं वेळेवर द्यायची व्यवस्था केली आहे का? या तिन्ही प्रश्नांनी वालचंद शेठना बार्शीपासून विशाखापट्टणमपर्यंत गाठलं होतं.

विश्रामबागच्या त्या कॉलेजातून दरवर्षी सिव्हिलची नवी बॅच बाहेर पडते. त्यातली पोरं पूल बांधतील, बोगदे खोदतील, मेट्रोच्या साईटवर रात्रपाळी करतील. बीम किती लोड घेईल हे त्यांना चार वर्षांत शिकवलं जातं. बिल कधी निघेल, हे मात्र त्यांना साईटवर गेल्यावरच कळतं, जसं ते कॉलेजच्या गेटवर नाव असलेल्या माणसाला कळलं होतं.